रंग गेला कुठं?

आमचं गाव कोळवण. मुळशी तालुक्यातलं, पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवरचं. पौडपर्यंत यायचं आणि तिथून आत वळायचं. दोन्ही अंगांना डोंगर, मधे भाताची खाचरं आणि खाचरांच्या कडेनं वाहणारी वाळकी नदी. नदी तशी लहानशीच. पण आमचे भूगोलाचे गुरुजी म्हणायचे, "वाळकीला हलकं समजू नका रे. ती मुळेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला मिळते, दोघी मिळून भीमेला आणि भीमा कृष्णेला. तुम्ही इथं सोडलेली कागदाची होडी बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकते!"

आम्ही कितीतरी होड्या सोडल्या. त्या बहुतेक पहिल्याच वळणावर दगडाला अडकायच्या. पण गुरुजींचं वाक्य डोक्यात राहून गेलं.

भाताचं गाव म्हटलं की भाताची गिरण आलीच. मळणी झाली की गिरणीपुढं पोत्यांची रांग लागायची. आंबेमोहर भरडायला आला की बाहेर उभं राहूनसुद्धा वास यायचा. एकीकडं तांदूळ पडायचा, दुसरीकडं कोंडा आणि मागच्या भिंतीबाहेर तुसाचा हा एवढा डोंगर! शंभर किलो भात भरडला की वीसएक किलो तूस निघतं. कोंडा गुरं आवडीनं खातात, पण तुसाला कुणी तोंड लावत नाही. वाळूत असतं ते सिलिका तुसात भरपूर असतं, म्हणून ते इतकं खरखरीत. थोडं तूस वीटभट्टीला जायचं, थोडं खुराड्यात कोंबड्यांच्या पायांखाली. बाकीचं वाऱ्यावर. आम्ही पोरं त्या ढिगात उड्या मारायचो आणि मग रात्रभर अंग खाजवत बसायचो.

आता तुम्ही म्हणाल, नदी झाली, तूस झालं, पण यात रंग कुठून आला? रंग आला तात्यांमुळे.

तात्या म्हणजे माझे चुलते. ते मुंबईला कापडगिरणीत होते, रंगखात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. आमच्या भागातल्या पुष्कळ घरांत मुंबईहून मनिऑर्डर यायची, ती थांबली. तात्या वळकटी घेऊन गावी परत आले. दोन वर्षं शेती केली, पण भागेना. मग ते कापडाच्या दुसऱ्या एका गावी गेले आणि तिथल्या रंगाईच्या छोट्या कारखान्यात लागले.

तात्या सुट्टीला आले की मी आधी त्यांची नखं बघायची. नखांच्या कडा कधी निळ्या, कधी जांभळ्या, कधी शेंदरी! मला फार मजा वाटायची. तात्या हात मागं घ्यायचे आणि हसून म्हणायचे, "बघ, मला रोज रंगपंचमी!"

१९९३ च्या दिवाळीत त्यांनी आजीला लाल लुगडं आणलं. मी तेव्हा नववीत होते. आजीनं ते नेसायच्या आधी नदीवर नेऊन पाण्यात बुडवलं, तर काय! लाल रंगाचा एक पट्टाच्या पट्टा पाण्यातून निघाला. वळणावरच्या दगडापर्यंत गेला, फिकट झाला आणि दिसेनासा झाला.

"गेला रंग," मी म्हटलं.

आजी लुगडं पिळता पिळता म्हणाली, "गेला म्हंजे? कुठं गेला? काय कापूर हाय का उडून जायला?"

मी गप्प. मला गुरुजींची होडी आठवली.

संध्याकाळी हे तात्यांना सांगितलं, तर ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "आईचं एक लुगडं. आमच्याकडं रोज ताग्यांवर तागे धुतले जातात. सगळा रंग काही कापडावर बसत नाही. उरलेलं पाणी नाल्यात, नाला नदीत. नाल्याकडं बघून सांगता येतं, आज कुठला माल चालू आहे. खालच्या बाजूला गुरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत."

"मग कारखाना बंद का नाही करत?" मी तावातावानं विचारलं.

तात्या चुलीकडं बघत म्हणाले, "केला की. मग ही पण बंद."

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. नदी पाहिजे आणि तात्यांची नोकरीही पाहिजे. मग करायचं काय?

दोस्तांनो, माणूस हजारो वर्षं रंग वापरत आला आहे. पण पूर्वी ते झाडांच्या मुळांतून, पानांतून, किड्यांपासून मिळायचे. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं औषध, क्विनीन, तयार करायला बसला होता. औषध काही झालं नाही, भांड्यात काळपट चिखल उरला. तो धुताना त्याला दिसलं की त्यातून सुरेख जांभळा रंग निघतोय. त्यानं तो रेशमावर चढवला आणि पुढं चक्क कारखाना काढला. तिथून कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. हे रंग ऊन, साबण, घाम यांना दाद देत नाहीत, म्हणून तर आपल्याला आवडतात. पण जो रंग उन्हाला दाद देत नाही, तो नदीत गेल्यावर तरी लवकर कसा नाहीसा होणार? लीटरभर पाण्यात एखादा मिलिग्रॅम रंग असला तरी काही वेळा तो डोळ्यांना दिसतो. रंगीत पाण्यात ऊन खोल जात नाही, मग शेवाळाचं आणि पाणवनस्पतींचं अन्न तयार होणं मंदावतं. काही अझो रंग तर फुटल्यावर कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं देतात. अशा रंगांवर जर्मनीनं १९९४ मध्ये आणि भारतानं १९९७ मध्ये बंदी घातली.

मला हे तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी सरळ आमच्या विज्ञानाच्या सरांना गाठलं.

सर म्हणाले, "कोळसा! १७८५ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गला, लोविट्झ नावाच्या औषधं बनवणाऱ्या माणसाला दिसलं की गढूळ रंगाचं द्रावण कोळशाबरोबर ढवळलं की स्वच्छ होतं. पुढं साखर पांढरी करायला हीच युक्ती वापरली. मुद्दाम तयार केलेल्या कोळशाच्या आत इतकी बारीक भोकं असतात, की एका ग्रॅमचा सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर हजार चौरस मीटर भरेल. म्हणजे कबड्डीची सात-आठ मैदानं!"

"मग तात्यांच्या कारखान्यात कोळसा का नाही घालत?"

"महाग पडतो, बाई. रोजचं लाखो लीटर पाणी. कुणाला परवडणार?"

मग फुकटात मिळणारं काय आहे? मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गिरणीमागं तुसाचा डोंगर उभा होता.

सरांनी प्रयोगशाळेतून मेथिलीन ब्लू काढून दिलं. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायला वापरतात ना, तेच. बरणीभर पाण्यात त्याचे थेंब टाकले, पाणी आकाशासारखं निळं झालं. त्यात धुतलेलं तूस घातलं, ढवळलं, झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी मी खिडकीपाशी हजर! वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं होतं आणि तूस निळंशार.

सरांनी सांगितलं, "याला म्हणतात अधिशोषण. शोषण वेगळं, अधिशोषण वेगळं. भाकरी आमटीत बुडवलीस की आमटी भाकरीच्या आत जाते, ते शोषण. आणि गवतातून चालताना परकराला कुसळं चिकटतात, ती कापडाच्या वरवर बसतात, ते अधिशोषण. रंगाचे रेणू म्हणजे कुसळं आणि तूस म्हणजे तुझा परकर."

मी इतकी फुशारले, की त्याच दिवशी तात्यांना पत्र टाकलं. 'तात्या, आता काळजी करू नका. तुमच्या कारखान्याचा प्रश्न सुटला. नदी पण स्वच्छ, नोकरी पण कायम. तूस आपल्याकडं पाहिजे तेवढं आहे.'

डिसेंबरात पौडला विज्ञान प्रदर्शन होतं. मी बरण्या मांडून बसले. मागं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'टाकाऊतून टिकाऊ! कोळवणचे तूस नदी वाचवणार!' गर्दी जमली. एक परीक्षक आले. जाड चष्मा, खिशाला लाल शाईचं पेन. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान. निळा रंग घेतलास. आता हा घे." त्यांनी पेन उघडून लाल शाईचे चार थेंब स्वच्छ पाण्यात टाकले. "मी तासाभरानं येतो."

मी मूठभर तूस घातलं. ढवळलं. पाणी लाल. आणखी मूठभर घातलं. पाणी लालच. तासाभरात मी निम्मी पिशवी रिकामी केली. बरणीत चिखल झाला, पण लाल रंग ढिम्म हलेना. परीक्षक आले, त्यांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "का बरं झालं असेल असं? घरी जाऊन विचार कर." ते रागावले नव्हते. पण मला मागच्या पुठ्ठ्यावरच्या अक्षरांकडं बघवेना.

परतताना एस.टी.त सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दोन फुगे आणले, डोक्यावर घासले आणि दोऱ्यानं जवळजवळ टांगले. फुगे एकमेकांपासून दूर पळाले. "दोघांवर सारखाच भार. सारखे भार एकमेकांना ढकलतात," सर म्हणाले. "पाण्यात भिजलेल्या तुसाच्या अंगावर ऋणभार असतो. मेथिलीन ब्लू हा धनभाराचा रंग, म्हणून तो धावत येऊन चिकटला. तुझी लाल शाई बहुतेक इओसिनची. इओसिन ऋणभाराचं. तूस त्याला जवळ येऊ देईना. प्रश्न लाल की निळा हा नाहीच. प्रश्न भाराचा."

फजिती एवढ्यावर संपली असती तर बरं होतं. प्रयोगातलं उरलेलं निळं तूस मी घरी आणलं होतं. ते टाकायचं कुठं, याचा विचारच केला नव्हता. रोज टाकतात तसं टाकलं खुराड्यात! सकाळी आजीचा आवाज आला, "अगं ए, हिकडं ये आधी!" जाऊन बघते तर आमच्या पांढऱ्या कोंबडीचे पाय निळे, पोट निळं, आणि ती बाकीच्या कोंबड्यांत अशी काही ऐटीत फिरत होती, जशी निळीच्या पिंपात पडलेल्या गोष्टीतल्या कोल्ह्याची बहीणच!

आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पाणी पांढरं केलंस म्हनं. मग हे काय? रंग गेला न्हाई, पोरी. पाण्यातनं निघाला आन् माझ्या कोंबडीवर येऊन बसला."

मी आजपर्यंत पुष्कळ पुस्तकं वाचली, पण माझ्या प्रयोगावर इतकी अचूक टीका कुणी केली नाही.

तेवढ्यात तात्यांचं पत्र आलं. 'तुझं पत्र कामावर सगळ्यांना वाचून दाखवलं. एक पोतं तूस पाठव. हौदात टाकून बघतो.' आठ दिवस मी उत्तरच लिहिलं नाही. मग एकदाचं खरं खरं लिहिलं आणि विचारलं, 'तुमच्या पिंपांवर रंगांची नावं काय असतात?' तात्यांनी नावं उतरवून पाठवली. जास्त करून 'रिअॅक्टिव्ह' आणि 'डायरेक्ट'. सुती कापडावर चढणारे हे रंग बहुतेक ऋणभाराचे. म्हणजे सगळे लाल शाईचेच भाऊबंद! खाली तात्यांनी लिहिलं होतं, 'पाण्यात मीठ पण असतं. पोत्यानं टाकतो. त्याशिवाय रंग कापडाला धरत नाही.' म्हणजे माझ्या बरणीतलं पाणी आणि तात्यांच्या नाल्यातलं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

मी बारावीत असताना तात्यांचा कारखाना पाण्यापायी चार महिने बंद राहिला. तात्या घरी आले. नखं स्वच्छ झाली. मला नदीसाठी बरं वाटायला हवं होतं. पण तात्या ओट्यावर नुसते बसून असायचे आणि काकू दुकानातून उधारीवर साखर आणायची. रसायनशास्त्र शिकायचं हे मी त्या चार महिन्यांत ठरवलं.

कॉलेजात गेल्यावर कळलं की हा नाद मला एकटीलाच नाही. आयर्लंडच्या बेटावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७६ मध्येच दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींची माती आणि लाकडाचा भुसा वापरून पाण्यातला रंग काढून पाहिला होता. आपल्याकडं हिसारच्या गुरु जांभेश्वर विद्यापीठात शिसवाच्या भुशावर काम झालं, ते २००४ मध्ये छापून आलं. त्यांनी भुसा तसाच वापरला नाही. एका भागावर फॉर्माल्डिहाइडची प्रक्रिया केली, दुसऱ्यावर गंधकाम्लाची, आणि मग मेथिलीन ब्लूवर दोन्ही ताडून पाहिले. शेंगांची टरफलं, नारळाचा काथ्या, संत्र्याची साल, चहाचा चोथा, उसाचं चिपाड... जगात क्वचितच एखादा शेतकचरा असेल, ज्यावर कुणी हा प्रयोग केला नाही.

प्रक्रिया का करायची? सोपं आहे. तुसाच्या अंगावर मेणचट आणि सिलिकाचा थर असतो. सोड्याच्या पाण्यात शिजवलं की तो थर बराच निघतो आणि आतले तंतू उघडे पडतात. राखेनं घासल्यावर घागर कशी उजळते, तसं. लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल लावून तापवलं, तर तुसावर आणखी ऋणभाराच्या जागा तयार होतात आणि निळ्यासारखे धनभाराचे रंग जास्त धरले जातात. आणि लाल शाईचे भाऊबंद पकडायचे असतील तर उलटं करायचं. तुसाच्या तंतूंना नायट्रोजन असलेले धनभाराचे गट जोडायचे. मग जे तूस रंगाला ढकलत होतं, तेच त्याला बोलवायला लागतं. परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. मला ते मिळायला सात वर्षं लागली.

मग आता सगळं झालं का? नाही. तुम्हाला खरं सांगायला हवं. कारखान्याच्या पाण्यात एक रंग नसतो, चार असतात. शिवाय मीठ, साबण, सोडा. जागेसाठी सगळ्यांची ढकलाढकली. प्रयोगशाळेत पहिला आलेला भुसा तिथं गेल्यावर काठावर पास होतो. प्रक्रियेची रसायनं लागतात, ती धुतलेलं पाणी निघतं, त्याचा खर्च आणि त्याची घाण वेगळीच. चिपाड म्हणाल तर साखर कारखाने ते बॉयलरात जाळून वाफ आणि वीज करतात, ते काही फुकट पडलेलं नाही. म्हणून या विषयावर हजारो शोधनिबंध आहेत, पण असं पाणी साफ करणारे कारखाने फार थोडे. आणि सगळ्यात मोठा प्रश्न आजीचा. रंगानं भरलेलं तूस टाकायचं कुठं?

हा प्रश्न न विचारल्यामुळे काय होतं, ते नंतर सगळ्यांनी पाहिलं. तमिळनाडूतल्या तिरुपूरला मद्रास उच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये सातशेहून अधिक रंगाई आणि धुलाईचे कारखाने बंद करायला सांगितले, कारण नोय्यल नदीची पार वाट लागली होती. हजारो लोकांचं काम गेलं. ती बातमी वाचताना मला सारखे ओट्यावर बसलेले तात्या दिसत होते. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोज्याला रस्त्यावरची कुत्री चक्क निळी झाली! एका कारखान्यातला रंग त्यांच्या अंगाला लागला होता. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं तो कारखाना बंद करायला लावला. सगळे फोटो बघून हळहळत होते. मला मात्र आमची कोंबडी आठवली. ती कुणाची चूक होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी आता पुण्यात रसायनशास्त्र शिकवते. आजी नाही. तात्या थकले, कोळवणलाच असतात. मागच्या दिवाळीला मी काचेची एक उभी नळी घेऊन गेले. त्यात आमच्या विद्यार्थ्यांनी प्रक्रिया केलेलं तूस भरलं होतं. ओट्यावर तात्यांसमोर ती उभी केली आणि वरून लाल रंगाचं पाणी सोडलं, तात्यांच्या पिंपातलं असायचं त्या जातीचंच. खालून थेंब थेंब पाणी पडायला लागलं. जवळजवळ नितळ.

मला वाटलं, तात्या शाबासकी देतील. त्यांनी पेला उचलला, उजेडात धरला, खूप वेळ पाहिला. मग नळीकडं बोट दाखवून विचारलं, "आणि हे भरलं की?"

मी हसले. या वेळी उत्तर तयार होतं. "सोड्याच्या आणि मिठाच्या थोड्याशा पाण्यानं धुवायचं. रंग त्यात उतरतो आणि तूस पुन्हा वापरता येतं. काही खेपा. दर खेपेला जोर थोडा कमी होतो."

"आणि मग?"

"मग ते जाळायचं. पण भट्टी नीट पाहिजे, धूर गाळणारी. आणि ते थोडंसं गडद पाणी उरतं, ते आटवायचं."

"म्हणजे उरतंच की थोडं."

"हो तात्या. थोडं उरतं. पण हौदभर पाण्याचं बादलीभर झालं. हौद सांभाळण्यापेक्षा बादली सांभाळणं सोपं."

तात्या मान हलवत म्हणाले, "आई असती तर तिनं विचारलं असतं, बादली कुठं ठेवणार." मग त्यांनी तो पेला अंगणातल्या तुळशीत ओतला नाही, मला परत दिला. मला ते शाबासकीपेक्षा जास्त आवडलं.

तुम्हालाही हे करून बघता येईल. माशांच्या टाकीच्या दुकानात मेथिलीन ब्लूची बाटली मिळते. मूठभर तूस किंवा शेंगांची कुटलेली टरफलं घ्या. मोठ्या माणसाला जवळ बसवून ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास शिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. दोन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकी एक थेंब निळा रंग टाका. एकात तूस घाला, दुसरा तसाच ठेवा, आणि सकाळी दोन्ही शेजारी धरून पाहा. मग हेच शाईच्या पेनातल्या शाईवर करा. निळा रंग पकडणारं तूस शाईच्या बाबतीत बहुधा रुसून बसेल. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. हातमोजे घाला, नाहीतर तुमचीही नखं तात्यांसारखी होतील.

शेवटी ते निळं तूस हातात उरेल. ते टाकायच्या आधी घरातल्या सगळ्यांना आजीचा प्रश्न विचारा. काय उत्तर मिळतं ते बघा. तोवर ते एका डब्यात झाकून ठेवा.

आणि घरात कोंबड्या असतील, तर डबा जरा उंचावर ठेवा!